अंगणातलं गवत आणि ते कापायचं मशीन

आमच्याकडे गवत कापायचं मशीन आधी आलं आणि गवत नंतर. मी हे सांगते तेव्हा लोकांना वाटतं, मी नवऱ्याची थट्टा करते आहे. पण घडलं ते असंच. हे निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत कुरियरवाल्याचा फोन आला, की खोका मोठा आहे, स्कूटरवर मावणार नाही, रिक्षा घेऊन या. तेव्हा आमच्या अंगणात मुरूम, तुळशीवृंदावन आणि कपडे वाळत घालायची दोरी, एवढंच होतं.

आमचं घर महाडच्या बाहेर, नाते गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी शाळेत भूगोल शिकवते. हे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, भांडार विभागात होते. त्या कारखान्याचं एक गेस्ट हाउस होतं आणि गेस्ट हाउससमोर लॉन. बाहेरचे साहेब आले की लॉनवर वेताच्या खुर्च्या मांडायच्या, तिथे त्यांना चहा द्यायचा. बाकीच्यांनी कडेच्या फरशीवरून जायचं, तशी पाटीच होती. यांनी सगळी नोकरी त्या फरशीवरून ये-जा केली. कधी चादरी पोचवायला, कधी बल्ब, कधी नुसती सही घ्यायला. निरोप समारंभ मात्र कँटीनमध्ये झाला. त्या दिवशी घरी येऊन यांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आपल्या अंगणात लॉन करायचं."

"मी तिथे भेंडी आणि अळू लावणार होते," मी म्हटलं.

"अळू मागच्या बाजूला लाव. सांडपाण्यावर चांगलं येतं."

हे खरंच होतं, म्हणून अळू मागे गेलं.

लॉन म्हणजे खर्च, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, की लॉन करायचं पण स्वस्तात. तेव्हापासून तो शब्द आमच्या घरात मिठासारखा वापरला जाऊ लागला. दिवसभर ते फोनवर लॉनचे व्हिडिओ बघत. त्यातली माणसं कुठल्यातरी थंड देशातली. त्यांच्या एकेका अंगणात आमची अख्खी वसाहत बसली असती. ती माणसं मशीनवर बसून, हातात थंड पेयाचा डबा घेऊन गवत कापत फिरत. व्हिडिओ बघून झाले की हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन मला निष्कर्ष सांगत.

"पेट्रोलच्या मशीनला देखभाल फार. बॅटरीचं महाग पडतं. आपल्याला वायरचं बरं."

"पण गवत कुठे आहे?"

"ते येईल गं."

तर वायरचं मशीन आलं. यांनी ते ओट्यावर बसून जोडलं आणि वर जुनी चादर पांघरली. शेजारपाजारची माणसं येऊन चादर वर करून बघून गेली. लॉन कुठे आहे, असं सगळ्यांनी विचारलं. "जूनमध्ये येतंय," हे सांगत, एखादी लग्नाची तारीख सांगावी तसं.

जूनमध्ये लॉन खरंच आलं. महामार्गावरच्या एका नर्सरीतून, चटईसारखं गुंडाळून, टेम्पोतून. नर्सरीवाल्याच्या माणसांनी ते मुरमावर उलगडलं, कडा जुळवल्या, पायाने दाबलं आणि दुपारपर्यंत अंगण हिरवंगार झालं. तो आठवडाभर हे पाठीमागे हात बांधून ओट्यावर उभे राहिले. जुन्या सहकाऱ्यांना फोटो गेले, त्यांचे अंगठे आले.

मग पाऊस सुरू झाला. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पाऊस किती पडतो आणि का पडतो, हे मी दर वर्षी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवते. घरी शिकवावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. खाली चोपून बसवलेला मुरूम, त्यावर ते विकतचं गवत आणि त्यावर घोट्याएवढं पाणी. श्रावणात ते पिवळं पडलं, मग काळं झालं, मग वास येऊ लागला. शेवटी यांनी एक टोक धरून ओढलं तर अख्खा पट्टा भिजलेल्या गोधडीसारखा उचलला गेला.

नर्सरीवाला फोनवर म्हणाला, "निचरा नव्हता ना तुमच्याकडे. मी धरूनच चाललो होतो, की निचरा असेल."

मशीन अजून चादरीखालीच होतं. त्या गणपतीत पाहुण्यांनी त्याच्यावर ओल्या छत्र्या ठेवल्या.

मला वाटलं, आता प्रकरण संपलं. पण यांचा स्वभाव असा, की एखाद्या गोष्टीत एकदा पैसे बुडाले की तिथून मग ती गोष्ट गंभीर होते. हिवाळ्यात यांचे मोठे भाऊ आले. ते पोलादपूरच्या वर, डोंगरावरच्या वाडीत राहतात. गुरं आहेत, थोडी भातशेती आहे, उतारावर नाचणी. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. दादा उघड्या मुरमाच्या कडेला उभे राहून यांचं सगळं बोलणं शांतपणे ऐकत होते.

"म्हंजे गवत लावायचं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गुरं घेतलीस काय?"

"नाही."

"मंग खाणार कोण?"

"कोणी नाही. कापायचं."

"आणि कापून?"

"तिथेच टाकायचं. त्याचंच खत होतं."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी तांदूळ धुवायला आत गेले. मग दादांचा आवाज आला, "आपल्या बांधावर हरळी हाय. उपटून उपटून माझी कंबर गेली, पण ती काय जात नाय. ती न्हे. फुकट हाय. आणि शेणखत देतो दोन गोणी. बाजारात असं मिळायचं नाय."

फुकट म्हटल्यावर स्वस्तात या शब्दाची मान खाली गेली. मे महिन्यात यांनी मुरूम उकरला, गटाराच्या बाजूला उतार काढला, खाली जांभ्याचे तुकडे टाकले. तुडील गावच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून नदीकाठच्या शेतातली मऊ माती आणली. त्यात दादांचं शेणखत मिसळलं. आणि पहिला पाऊस पडून गेल्यावर आम्ही दोघांनी उकिडवं बसून हरळीची बोटभर लांबीची कांडी ओळीने खोचली. मी शाळेतली बाई, यांचं सगळं आयुष्य टेबलावर. दोघांनाही उठताना एकमेकांचा हात धरावा लागला.

पंधरवड्यात अंगण भरून आलं. हे मला हाक मारत बाहेर घेऊन गेले.

"बघ, किती दाट आलंय."

मी वाकून बघितलं. पानं गोल होती. हरळीचं पान गोल नसतं.

"अहो, हा टाकळा आहे."

शेणखत कच्चं होतं. दादांच्या गुरांनी डोंगरावर जे जे खाल्लं होतं, ते सगळं आमच्या अंगणात उगवलं होतं. टाकळा होता, कुर्डू होता आणि मलाही नाव माहीत नसलेली दोन-तीन झाडं होती. मी टोपली घेऊन बसले आणि टाकळ्याची कोवळी पानं खुडून काढली. दुपारी ओलं खोबरं घालून भाजी केली. आमच्या लॉनने दिलेलं ते पहिलं आणि शेवटचं उत्पन्न. जेवताना यांनी भाजी दोनदा वाढून घेतली. नंतर दादांना फोन लावला, तर दादा म्हणाले, "शेणखत ते. त्यात काय नसतंय?"

तण काढण्यात महिना गेला, पण खालून हरळीने जोर धरला होता. गणपती गेल्यावर अंगण एकसारखं हिरवं दिसू लागलं आणि यांनी मशीनवरची चादर काढली.

पावसाने उघडीप दिली होती. वसाहतीतली माणसं आपापल्या ओट्यांवर येऊन बसली होती. व्हिडिओतल्यासारखी वायर खांद्यावरून मागे टाकून यांनी बटण दाबलं. दोन पट्टे सुरेख निघाले. कापलेल्या गवताचा वास सुटला आणि मलाही क्षणभर वाटलं, की हे बरं आहे. तुळशीपाशी वळताना वायर खांद्यावरून घसरली आणि मशीनखाली गेली. फट्कन आवाज झाला. आत फ्रिज बंद पडला.

"लाइट गेली का हो?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"फक्त आमची," मी म्हटलं.

मीटरजवळचा स्विच पडला म्हणून निभावलं. हे दांडा धरून तसेच उभे होते, जणू थोडी विश्रांती घेत आहेत. मी त्यांना आत बोलावलं, पाणी दिलं आणि सांगितलं, की ओलं गवत आणि वायर या घरात पुन्हा एकत्र यायची नाहीत. त्यांनी मान हलवली. चेहरा पांढरा पडला होता. ते मशीन माळ्यावर गेलं.

पुढच्या वेळी त्यांनी माणूस बोलावला. आमच्याकडे पावसानंतर रस्त्याच्या कडा आणि आंब्याच्या बागा साफ करायला खांद्याला पेट्रोलचं यंत्र अडकवून फिरणारी माणसं असतात, त्यांतला एक. तो आला आणि म्हणाला, "कुठलं रान साफ करायचंय?" यांनी अंगण दाखवलं. त्याने एकदा अंगणाकडे, एकदा यांच्याकडे पाहिलं आणि यंत्र सुरू केलं. चहा उकळेपर्यंत काम झालं होतं. अंगणाला ठिकठिकाणी टक्कल पडलं होतं, आणि एक खडा उडून आमच्या खिडकीची काच फुटली होती.

"काकी, ही काच आधीच तडकलेली होती," तो जाताना मला म्हणाला.

तेव्हा हे महाडच्या बाजारात गेले, मला सोबत घेऊन. पाण्याचे पंप, फवारे, यंत्रं विकणारं एक जुनं दुकान आहे. दुकानदाराने विचारलं, "किती एकर आहे?"

"अंगण आहे."

"किती मोठं?"

यांनी दुकानाकडे नजर फिरवली. "तुमच्या दुकानापेक्षा जरासं मोठं."

दुकानदाराने घाईत दाखवायला काढलेली मोठी यंत्रं परत आत सारली. मग मागच्या कोपऱ्यातून एक हाताने ढकलायचं यंत्र आणलं. दोन चाकं, मध्ये गोल फिरणारी पाती, वर दांडा. आंबेनळी घाट चढून गेल्यावरच्या एका हॉटेलवाल्याने ते मागवलं होतं आणि नेलंच नव्हतं. यांनी ते दुकानाच्या फरशीवर ढकलून पाहिलं. पाती कुरकुर करत फिरली. यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आमच्या मुलाच्या पहिल्या सायकलीच्या वेळी पाहिलं होतं, मुलाच्या नाही, यांच्याच.

"याला काय लागतं? पेट्रोल?"

"नाही."

"वीज?"

"नाही. माणूस लागतो," दुकानदार म्हणाला.

माणूस आमच्याकडे रिकामाच होता. यंत्र घरी आलं.

आता हे खरं सांगितलं पाहिजे, की ते यंत्र आमच्यासाठी योग्य होतं. फक्त त्याची एक अट होती. गवत उंच वाढलं की त्याला कापता येत नसे. ते गवताला फक्त आडवं झोपवून पुढे जाई. म्हणजे दर चार-पाच दिवसांनी कापायलाच हवं, आणि पावसाळ्यात चार-पाच दिवसांत कधी उघडीप मिळेल याचा नेम नाही. हे रेनकोट घालून खिडकीत बसून राहत. पाऊस थांबला की बाहेर, आला की आत. हळूहळू त्यांना समजलं, की मुळापर्यंत कापायचं नाही, वरचा शेंडा तेवढा काढायचा. पात्यांची धार गेली की गॅरेजमध्ये मिळणारी घासायची पेस्ट लावून ती उलटी फिरवायची. धार आली का ते कागद कापून बघायचं. त्यासाठी त्यांनी एकदा माझ्याकडे तपासायला आलेल्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पुरवण्या वापरल्या, तेव्हा मात्र आमचं वाजलं. उन्हाळ्यात कपडे विसळलेलं पाणी बादलीने लॉनला जाऊ लागलं. मी भांडी विसळायला घेतली की हे बादली घेऊन मागे उभे.

वर्षभरात लॉन छान झालं. आणि मग त्यावर कोणी पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. म्हणजे कोणी ठरवलं नाही, पण दोरी मागच्या दारी गेली, कुरडयांची चटई गच्चीवर गेली, दूधवाला फाटकातूनच हाक मारू लागला. मग यांनी लॉनच्या कडेने शहाबादी फरशीची एक पट्टी बसवून घेतली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"येणाऱ्याजाणाऱ्यांना."

जुने सहकारी लॉन बघायला आले. यांनी ओट्यावर एका रांगेत खुर्च्या मांडल्या, सगळ्यांची तोंडं लॉनकडे. सगळ्यांनी नाटक बघावं तसं बसून चहा घेतला. एक जण म्हणाला, "जरा खाली उतरून बघू का?"

"सकाळीच पाणी घातलंय," हे म्हणाले.

मग ती सगळी वयस्कर माणसं एकामागे एक फरशीच्या पट्टीवरून, तोल सांभाळत, फाटकापर्यंत गेली.

दिवाळीनंतर दादा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आले. ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते काळा चष्मा लावून बाहेर आले, पट्टीवर न थांबता सरळ लॉनच्या मधोमध गेले आणि मांडी घालून उन्हाला बसले.

हे ओट्यावरून म्हणाले, "दादा, खुर्ची देऊ?"

"कशाला? बरं हाय हे."

"ओल आहे तिथे. सर्दी होईल."

"जनमभर रानात बसलो. तवा नाय झाली ती."

थोड्या वेळाने दादा आडवे झाले. वडील भाऊ, त्यात डोळ्याचं ऑपरेशन झालेला. उठवायची सोय नव्हती. हे लॉनभोवती पट्टीवरून फेऱ्या मारत राहिले. दादा उठले तेव्हा गवतात त्यांच्या आकाराचा खळगा होता. हे तो बघत उभे राहिले. दुपारपर्यंत गवत पुन्हा उभं राहिलं, तेव्हा कुठे जेवायला आले.

असं दोन-तीन दिवस चाललं. मग एका सकाळी मी चहा घेऊन बाहेर आले तर हेही दादांच्या शेजारी बसले होते, खाली वर्तमानपत्र घेऊन. त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र नव्हतं. मी चहा तिथेच नेला. चपला काढून पहिल्यांदा त्या गवतावरून चालले. हरळी थोडी टोचते. इतक्या खटाटोपानंतर ती टोचते, हे मी कोणाला सांगितलं नाही.

दादांना लॉनपेक्षा यंत्र आवडलं. डॉक्टरांनी जोर करायला मनाई केली होती, म्हणून बरे होईपर्यंत ते नुसते बघत आणि मग जायच्या आदल्या दिवशी त्यांनी दांडा हातात घेतला. औत धरल्यासारखे सरळ गेले, वळले, सरळ आले. कापायला काही शिल्लक नव्हतं, तरी तीनदा सगळं अंगण फिरले. "बेस हाय," म्हणाले आणि गावाला गेले.

थंडीच्या शेवटी त्यांचा फोन आला. वाडीतले तरुण मुंबईला कामाला असतात. ते क्रिकेटच्या सामन्यांसाठी येणार होते आणि मैदान म्हणजे वाडीवरचा माळ. दादांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, की माझ्या भावाकडे पिच करायचं मशीन आहे.

ज्या माणसाने शेजाऱ्यांना ते यंत्र हात लावून बघू दिलं नव्हतं, तो माणूस फोन ठेवून यंत्रापाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "एकदा बघून येतो. माती कशी आहे ते."

रविवारी आम्ही पिकअपमधून वर गेलो, यंत्र चादरीत गुंडाळून. माळावरचं वाळलेलं उंच गवत वाडीतल्या बायकांनी आधीच विळ्याने कापून भारे बांधून नेलं होतं. राहिलेल्या खुंटांवर हे यंत्र ढकलू लागले. दादा पुढे चालत पायाने दगड बाजूला करत होते. पाठीवर वाडीचं नाव छापलेले टी-शर्ट घातलेले तरुण भोवती जमले.

"काका, एक नंबर. आउटफील्ड एकदम फास्ट होणार," एक जण म्हणाला.

मंडपात लाउडस्पीकर लागला. निवेदकाने जाहीर केलं, की महाडहून खास आलेले लॉनतज्ज्ञ आणि कंपनीचे माजी मॅनेजर आज आपल्यात आहेत. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. यांनी दुरुस्ती केली नाही. शाल आणि नारळ देऊन सत्कार झाला, टाळ्या झाल्या.

माझी मोठी जाऊ माझ्या शेजारी बसली होती. गवत कापणाऱ्या बायकांत तीही होती, बोटांवर अजून चरे दिसत होते. ती माझ्या कानाशी लागून हसत म्हणाली, "अख्खा आठवडा आम्ही गवत कापलं, आणि शाल याला. शाल राहू दे गो. नारळ तेवढा माझ्याकडं दे, रातच्या कालवणाला हवाय."

मी यांच्या हातातून नारळ काढून घेतला आणि तिला दिला. यांचं लक्ष मैदानावर होतं. सामना सुरू झाला होता. गोलंदाज टाच रोवून धावत होता, फलंदाज बॅटने जमीन ठोकत होता, एक कुत्रं मध्येच येऊन उकरत होतं. प्रत्येक टाच रुतली की हे खुर्चीत आपले पाय जवळ ओढून घेत. पण दुपारच्या जेवणापर्यंत ते सैल झाले आणि संध्याकाळी बाहेरगावच्या संघाच्या कप्तानाला समजावत होते, की गवत मुळापर्यंत कधीच कापू नये. कप्तान हरला होता, त्यामुळे ऐकत होता.

यंत्र तिथेच राहिलं, कारण पुढच्या आठवड्यात पलीकडच्या वाडीचे सामने होते. मग आणखी कुठले तरी. ते परत आलं तेव्हा उन्हाळा लागला होता. आमचं लॉन तपकिरी होऊन झोपलं होतं, आणि इतक्या दिवसांत बोटभरही वाढलं नव्हतं. पात्यांना खड्यांनी दाते पडले होते. मला वाटलं, आता हे चिडतील. ते ओट्यावर बसले, पेस्टची डबी उघडली आणि एकेक पातं घासायला लागले. मी चहा आणून शेजारी ठेवला.

"वरच्या मातीत खडे फार," घासता घासता ते म्हणाले. "पुढच्या वर्षी आधी रोलर फिरवायला हवा."

रोलर कुठून येणार, हे मी विचारलं नाही.